बर्फाच्या कारखान्याच्या कोपऱ्यावरची हाक

या, असे जवळ या... बुवा अजून यायचे आहेत, तबलजी हातोडीने तबला लावतो आहे, देवळाच्या सभामंडपात सतरंज्या अंथरणं चाललं आहे. तेवढ्या वेळात मी तुम्हाला एक कथा सांगते. कीर्तनात पूर्वरंगाला अभंग लागतो नि उत्तररंगाला आख्यान. माझ्यापाशी अभंग नाही, नुसतं आख्यान आहे, आणि तेही पुराणातलं नव्हे, आपल्याच पनवेलच्या कोळीवाड्यातलं, मागच्या थंडीतलं. ऐकून अभिमानाने छाती भरून येईल, एवढं वचन देते. डोळेही भरून आले, तर मात्र तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका!

तर काय झालं... भीमाबाईच्या हातातली पळी कालवणाच्या टोपात पडली, रश्श्याचे तांबडे शिंतोडे तिच्या नव्या हिरव्या लुगड्यावर उडाले, पण तिला त्याचं भानच नव्हतं! समोर निशा उभी होती, बायकांच्या बचत गटाची प्रमुख, कोपऱ्यापासून धावत आलेली.

"काय म्हनलीस? परत बोल," भीमाबाई म्हणाली.

"अगं बाई, बोटीवरच्या पाहुण्यांची बस आली, आणि त्यांना गाव दाखवायला बोटीचा जो साहेब आलाय ना... तो आपला कुंदन आहे!"

मुंबईच्या बंदराला एक मोठी प्रवासी बोट लागली होती. देशोदेशींची, गावोगावची माणसं तिच्यावर. बोट एकच दिवस थांबणार, मग पाहुण्यांनी जमिनीवर उतरून एखादं खाडीकाठचं जुनं गाव पाहावं, तिथलं जेवण जेवावं, अशी सहल ठरली आणि सागरी सेतूवरून बस पनवेलला आली. जेवणाचं काम निशाच्या गटाकडे. मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये पंगत आणि मागच्या पडवीत स्वयंपाक. कालवण भीमाबाईच्या हातचं, कारण खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण करावं तर तिनेच, हे तिचा दुस्वास करणाऱ्यांनाही मान्य होतं.

हो, दुस्वास करणाऱ्यांनाही... ते सांगते.

कुंदन हा तिचा मुलगा नव्हे, दीर. सासू-सासरे आधीच गेलेले. उरणच्या माहेरातून भीमा लग्न होऊन आली तेव्हा घरात नवरा कमळाकर आणि त्याचा हा शेंडेफळ भाऊ, एवढीच माणसं. कमळाकर होडीचा तांडेल, म्हणजे दर्यावरचा कप्तानच! एका पहाटे तो होडी घेऊन गेला, दुपारी वारा फिरला, आणि मग ती होडीही आली नाही नि तो तांडेलही आला नाही. कुंदन तेव्हा सात वर्षांचा. माहेरचे भाऊ न्यायला आले, "चल, तुझं दुसरं घर बघतो," म्हणाले. विशी-बाविशीची ती पोर दारात आडवी उभी राहिली. "न् ह्या लेकराला कुनाच्या पदरात टाकू?" भाऊ आले तसे परत गेले. दुसऱ्या दिवशी तिने डोक्यावर मासळीची पाटी घेतली.

पण नुसतं वैधव्य तिच्या वाट्याला आलं असतं, तर ते तिने सोसलं असतं हो... तिच्या माथी त्याहून भयंकर काही आलं. दर्यावर निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा कोळीवाड्याचा कडक नेम. निघाला की निघाला. भाकरी विसरली तरी विसरू द्यायची, पण पाठमोऱ्या माणसाला थांबवायचं नाही. त्या पहाटे मात्र "अरे, थांब!" अशी वाऱ्यात तुटलेली एक हाक अंधारातून साऱ्या गल्लीने ऐकली होती, आवाज कोणाचा ते मात्र कोणाला ओळखू आलं नव्हतं. होडी परतली नाही तेव्हा बायका विचारू लागल्या, हाक कोणाची? आणि भीमाबाई खाली मान घालून म्हणाली, "माझी."

झालं! त्या दिवसापासून नारळी पुनवेला सगळ्या बायका पुढे नि ती मागे. गल्लीतले पुरुष दर्यावर निघायच्या वेळेला ती आपणहून दार लावून आत बसायची. होड्यांच्या इंजिनांचा आवाज खाडीत विरला की मग बाहेर यायची. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, पण कोणी बाहेरही बोलावलं नाही.

कुंदनला तिने शिकवलं, वाढवलं. होडीचा हट्ट त्याने धरला तेव्हा नाही म्हणाली, बोटीवरच्या नोकरीचं जमवून दिलं. एकोणिसाव्या वर्षी तो निघाला. पाठीवर पिशवी, मनात राग. जायचं त्याच्या मनात नव्हतंच! गल्ली संपते तिथे बर्फाचा कारखाना आहे, त्या कोपऱ्यावर तो थबकला. मागे वळला नाही, नुसता पाठमोरा उभा राहिला... वहिनीने एक हाक मारावी, 'नको जाऊ रे' म्हणावं, की पिशवी टाकून परत फिरायचं! किती वेळ उभा होता, देव जाणे. हाक आली नाही. तो गेला.

मग गणपतीत वर्षाला एक फोन, तोही निशाच्या मोबाइलवर. "बरी आहेस?" "बरी हाय." पहिल्याच वर्षी मात्र तो एक वाक्य बोलून गेला होता... "दादाला हाक मारून घालवायला तोंड होतं तुला, वयनी. मला थांबवायला नव्हतं."

ते वाक्य बारा वर्षं, एक तपभर, तिच्या काळजात गळासारखं रुतून होतं. आणि आज तो कुंदन पडवीच्या भिंतीपलीकडे उभा होता!

"मी हितंच बसतंय," ती निशाला म्हणाली. "त्याला माझं नाव सांगू नको. पावन्यांम्होरं त्याला अवघडल्यासारखं व्हयल. जेवून जाऊ दे सुखानं."

"बारा वर्षांनी आलाय! आणि तू लपून बसणार?"

"त्याच्या मनात आसल तर दोन दारं ओलांडून तो ईल. नसल तर मी वढून आनू काय?"

असं म्हणाली खरी, पण पाय ऐकतात का? जाळीच्या खिडकीशी ती गेलीच. आणि काय दिसलं तिला...! पांढराशुभ्र गणवेश, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, ताठ मान, आणि भोवती टोपीवाल्या गोऱ्या बायका, कॅमेरेवाले बाप्ये, सगळे त्याच्या शब्दासाठी कान देऊन उभे! तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. 'हा माझा कुंदन! मी पाटीतल्या मासळीवर वाढवलेला...' त्या क्षणी त्याने कधी येऊन विचारलं नाही, चौकशी केली नाही, हे सारं ती विसरून गेली. अभिमानाला हिशेब ठाऊक नसतो हो!

पाहुण्यांत एक नागपूरचे काका-काकू होते. काका खाडीकडे बघत विचारत होते, "साहेब, समुद्र कुठे आहे? हा तर नुसता चिखल दिसतोय बाप्पा!"

"ओहोटी आहे, काका," कुंदन हसला. "सहा तास थांबा, आपोआप येईल."

"सहा तास? मग जेवण आधी की समुद्र आधी?"

"जेवण आधी!" काकूंनीच निकाल दिला नि सारे हॉलमध्ये शिरले. सकाळपासून त्यांनी बल्लाळेश्वराचं देऊळ पाहिलं होतं, तळी पाहिली होती, बाजारात सुक्या बोंबलांच्या राशींपुढे फोटो काढून घेतले होते. गाव कुंदननेच दाखवलं, पण हे माझं गाव आहे, एवढं मात्र तो कोणाला बोलला नव्हता.

पंगत बसली. एवढ्यात पडवीत एक चुणचुणीत मुलगी आली, गळ्यात बोटीचं ओळखपत्र. "नमस्कार, मी रिया. बोटीवरच्या सहली मी ठरवते. एका आजींना तिखट चालत नाही, त्यांच्यासाठी थोडा वरणभात मिळेल का? आणि... तुमच्यात भीमाबाई कोण?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. भाकऱ्या भाजणाऱ्या साळू म्हातारीने तेवढी हनुवटीने खूण केली. "ती काय, टोपाजवल."

रिया पुढे आली नि वाकून भीमाबाईच्या पाया पडली. "वहिनी, ही सहल पनवेलला मीच आणली, मुद्दाम. कुंदनचं नि माझं लग्न ठरलंय. तो म्हणतो, घरचं कोणी नाही; पण गणपतीत पनवेलला भीमावहिनींना फोन करतो, एवढं मी हेरलं होतं. आणि आज त्या बर्फाच्या कारखान्यापाशी आल्यावर बोलता बोलता गप्प झाला. मी विचारलं तर म्हणाला, इथे मी एकदा एका हाकेसाठी थांबलो होतो." ती टोपाशी उकिडवी बसली. "वहिनी, राग मानू नका... का नाही मारली हो हाक?"

भीमाबाईने वरणाचं भांडं पुढे ओढलं. पण साळूच्या जिभेला कोण आवरणार!

"हिची हाक?" साळू तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "हिची हाक नको गं माय कुनाला! नवऱ्याला मागनं हाक मारून दर्यात घालवला हिनं. त्या पोराचं नशीब चांगलं, म्हनून ही त्या दिशी गप ऱ्हायली!"

भीमाबाई शांतपणे वरणाचं भांडं पुसू लागली. चोवीस वर्षं ती असंच करत आली होती, कोणी बोललं की हाताला काम लावायचं. पण आज निशाला ते बघवलं नाही. तिने हातातलं ताट दाणकन खाली ठेवलं.

"बास, साळूआजी! बास झालं!"

"निशे, गप," भीमाबाई चटकन म्हणाली. "तुला एकवीरा आईची शपत घातलीय मी."

"घातली होतीस! मी सात वर्षांची असताना घातली होतीस. आईच्या पाया पडून मी क्षमा मागीन, पण आज बोलणार!" निशाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "ती हाक हिची नव्हती, आजी. त्या पहाटे मी नि कुंदन धक्क्यावर धावत गेलो होतो. कुंदनला होडीत जायचं होतं. तोच ओरडला, 'दादा, अरे थांब, मला पन ने!' कमळाकरदादा वळला, हसला, त्याला मटामट मुके दिले नि गेला. होडी आली नाही, तेव्हा तुम्ही सगळ्या विचारत फिरत होता, हाक कोणाची, हाक कोणाची... तेव्हा मी हिला खरं काय ते सांगितलं. हिने मला जवळ घेतलं नि म्हणाली, 'लेकराच्या माथी भावाचं मरन नको. कुनी इचारलं तर माझं नाव सांग.'"

तव्यावरची भाकरी करपली, पण साळूचा हात हलेना. सगळ्या बायका दाराकडे बघत होत्या. भीमाबाईने मान वळवली आणि तिच्या तोंडून एक अस्फुट किंकाळी निघाली...

दारात कुंदन उभा होता. वरणभाताला उशीर का झाला, हे बघायला आलेला!

त्याला आठवत नव्हतं हो. भाऊ गेल्यावर तो महिनाभर तापाने फणफणला होता, आणि उठला तेव्हा गल्ली जे बोलत होती, तेच त्याची आठवण झालं. मोठी माणसं रोज एकच गोष्ट सांगतात, तेव्हा लेकरांना ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटू लागते. पण आता... दादाचे ते मुके, खारट वाऱ्याचा वास, गालाला लागलेली त्याची खरखरीत दाढी... सारं सारं एका क्षणात वर आलं.

"मी?" तो म्हणाला. "वयनी... मी हाक मारली होती?"

भीमाबाई विजेसारखी उठली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, हाताला लागलेल्या हळद-तिखटाचंही भान तिला उरलं नाही. "नाय रं राजा, नाय! हाकंनं मानूस जात नाय! वाऱ्यानं जातो, दर्याच्या लाटंनं जातो. सात वर्सांच्या पोराच्या तोंडातला एक शबुद, त्यानं एवरा तांडेल बुडंल? देव काय एवरा आंधला हाय? ह्यातलं काय मनाला लावून घेशील तर माझी चोवीस वर्सं फुकट गेली बघ!"

"मग तुला हे माहीत होतं," त्याने तिची मनगटं धरली, "हाकेने काही होत नाही हे ठाऊक होतं, तर मला का नाही हाक मारलीस? मी उभा होतो, वयनी! तुझ्या एका शब्दासाठी उभा होतो!"

"दिसत व्हतास रं मला," ती हुंदका आवरत म्हणाली. "पदराचा बोला तोंडात कोंबून दारात उभी व्हती मी. तुझ्या दादाच्या येळंला मी म्हनलं, हाक खोटी, दर्या खरा. पन तुझ्या येळंला... देवाची परीक्षा बघायची छाती नाय झाली रं माझी! जान्त्या मनाला कलतं, भ्यालेल्या मनाला नाय कलत. दर्यावर निघालेला एक मी घालवला व्हता. दुसऱ्यावर डाव नाय लावायचा."

कुंदन खाली बसला. त्या पांढऱ्याशुभ्र गणवेशानिशी, सोनेरी पट्ट्यांनिशी, चुलीपुढच्या राखेत बसला आणि त्याने तिच्या पावलांवर डोकं टेकलं. "तोंड होतं तुला, असं मी बोललो गं... तुला असं बोललो!"

"उठ, कापडं मललीत. मोटा सायब झालास ना? पावनं जेवायचे बसलेत."

तो उठला. पण तिचा हात त्याने सोडला नाही. तसाच धरून तो तिला हॉलमध्ये घेऊन गेला. पंगतीला पाहुणे, वाढायला गल्लीच्या बायका, दाराशी जाळी विणणारी म्हातारी माणसं. भीमाबाई मागे सरत होती, "अरे, अंगाला मासलीचा वास हाय माझ्या," म्हणत होती, तो ऐकेना. पाहुण्यांना त्याने त्यांच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. मग तो गल्लीकडे वळला, आणि बारा वर्षं साता समुद्रांवर इंग्रजी बोललेला तो साहेब आपल्या आईच्या बोलीत बोलू लागला.

"आयका सगली! चोईस वर्सां आमच्या वयनीला तुमी नारलाच्या दिशी मागं उभी केली. माझ्या दादाला मागनं हाक मारनारी ती नाय. मी! ह्या कुंदननं मारली व्हती! तिनं माझं नाव आपल्या पदराखाली झाकलं. आता ज्याला बोलायचं हाय त्यानं मला बोला. हितं, माझ्या तोंडावर बोला!"

दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी जाळी खाली ठेवली. साळू म्हातारी पीठभरल्या हातांनी पुढे आली. "भीमे, माझी जीभ झडली पायजे गं..."

"जीभ झडली तर बाजारात भाव कोन करल, म्हातारे?" भीमाबाई म्हणाली, आणि रडता रडता दोघी हसल्या. साळूने तिला कवेत घेतलं. "पुनवेला तू पुढं. नारल तुझ्या हातातला पयला. बघतंय कोन नाय म्हनतो ते!"

नागपूरच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांनी हळूच विचारलं, "साहेब, म्हणजे ह्या तुमच्या कोण?"

कुंदनने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, सकाळपासून मी तुम्हाला हे गाव दाखवतोय," तो म्हणाला, "पण ज्यांच्यामुळे मी या गावाचा आहे, त्या ह्या. माझी आई म्हणा." आणि हे सांगताना त्याची मान अशी काही ताठ झाली की भीमाबाईला वाटलं, कमळाकर तांडेलच उभा आहे!

मग काय, दुपार कशी गेली कळलं नाही. रियाला तिने आपल्या घरी नेलं, "लगीन हितंच, ह्या आंगनात, बोटीवर-बिटीवर नाय," असा हुकूमच सोडला. कुंदन म्हणाला, "वयनी, नोकरी सोडतो, येतो घरी." तर ती कडाडली, "ह्याच्यासाठी पाठवला व्हता काय तुला? मी मान वर करून बाजारात बसनार हाय आता. माझ्या पोराची बोट साऱ्या दुनियेत फिरतं, असं सांगनार हाय. सुट्टीला ये, पोटभर खा, न् परत जा."

खाडीला भरती लागली, काकांना त्यांचा समुद्र दिसला, आणि बसची वेळ झाली. पाहुणे पुढे गेले. कुंदन पाया पडला, रिया पाया पडली, दोघं गल्लीतून चालू लागली. दारात भीमाबाई, तिच्या मागे सारी गल्ली. बर्फाच्या कारखान्याचा कोपरा आला. तो या वेळी थांबला नाही. ताठ, निश्चिंत पावलं टाकत वळू लागला.

आणि भीमाबाईने पदर तोंडात कोंबला नाही. तो खांद्यावरून घट्ट ओढून घेतला, छातीत श्वास भरला, आणि...

"कुंदन...! ए कुंदन!"

गल्लीचा श्वास अडकला! साळूने कपाळाला हात लावला. दर्यावर निघालेला माणूस, आणि पाठमोरा, आणि हाक! कुंदन गर्रकन वळला. गणवेशाची, पट्ट्यांची पर्वा न करता लहान पोरासारखा धावत आला.

"काय वयनी? काय राहिलं?"

तिने त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. चोवीस वर्षांत कोणी पाहिलं नसेल, असं हसू तिच्या चेहऱ्यावर होतं.

"काय नाय रं," ती म्हणाली. "नुसती हाक मारली. जा आता."

तो गेला. बोट सुखरूप पुढच्या बंदराला लागली, त्याच्या पुढच्याही लागली, आणि दर बंदरातून फोन येतो. बाजारात भीमाबाईपाशी गेलात तर मासळीच्या आधी कुंदन आज कुठे आहे ते ऐकावं लागतं, एवढी तयारी ठेवून जा!

बघा, बुवा आलेच. गळ्यात हार पडतोय, आता मी थांबते. ही कथा सांगू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांग, पन माझं गुनगान नको लावू." मग काय मागू लोकांपाशी, विचारलं, तर तिने खाडीकडे बघून हात जोडले. म्हणून तिच्या वतीने एवढंच मागते: आज आरतीला हात जोडाल तेव्हा कमळाकर तांडेलाची आठवण ठेवा. मागून हाक मारणाऱ्या लेकरासाठी तो निघता निघता थांबला होता, वळून हसला होता.